पर्वरीचं ऑफिस, दहा एसी आणि रिमोटवरून भांडण

फोन आला होता तो एसी वाढवायचा म्हणून. "दोन-दोन टनाचे दहा आहेत, तरी दुपारी तीननंतर हॉल थंड होत नाही, अजून दोन लावायचे आहेत, वीजखात्याकडून मंजूर लोड वाढवून घ्यावा लागेल का तेवढं बघून सांगा." मी फोंड्याचा, इलेक्ट्रिकलची कामं घेतो आणि अधूनमधून वीजबिलाचं ऑडिट करतो, त्यामुळे असे फोन मार्च लागला की येतातच. २०२३ च्या मार्चमध्ये उष्णतेच्या लाटेचा इशारा आला आणि गोव्यातल्या शाळा दुपारच्या आधीच सोडल्या होत्या ते आठवत असेल, तेव्हापासून तर जास्तच. किनारपट्टीला ३७ डिग्री गेलं की हवामान खातं लाटेचा विचार करतं, मैदानात ४० लागतात. आपल्याकडे मार्चमध्ये सकाळी जमिनीकडून वारा येतो आणि समुद्राचा वारा उशिरा सुटला की दुपार नुसती भाजून निघते.

ऑफिस पर्वरीला, हायवेपासून जरा आत. तळमजला आणि वर दोन मजले, आणि हे लोक सगळ्यात वर, भाड्याने. एकच मोठा हॉल, साधारण ३२० चौरस मीटर, ३८ माणसं, सगळं काम कॉम्प्युटरवर. नाव सांगत नाही, गरजही नाही, अशी ऑफिसं पणजी-पर्वरी-म्हापशात शेकड्याने सापडतील.

आत गेलो तर पहिली गोष्ट दिसली ती अशी की अकाउंट्सच्या ताई शाल घेऊन बसल्या होत्या आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला एक मुलगा फाईलने वारा घेत होता. एकाच हॉलमध्ये, मध्ये भिंतसुद्धा नाही. रिमोट ताईंच्या ड्रॉवरमध्ये, कारण म्हणे त्या पोरांच्या हातात दिला की ते १८ वर नेऊन ठेवतात. आणि पोरं खुर्चीवर चढून एसीचं बटण दाबून यायची. मॅनेजर साहेब म्हणाले, "हे रोजचंच आहे, काही लोकांना जास्त गरम होतं, वयाचा फरक." मला तेव्हा ते पटलंही होतं खरं सांगायचं तर.

मग गच्चीवर गेलो. गच्चीच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागावर पत्रे घातलेले, आपल्याकडे घालतात तसे, लोखंडी सांगाडा करून डोक्याच्या वर, चारी बाजूंनी मोकळे. काही वर्षांपूर्वी त्या बाजूला गळती होती म्हणून मालकाने घातले होते. पश्चिमेकडचा अर्धा भाग उघडा, आणि त्याच्यावर डांबरी मेंब्रेन (वॉटरप्रूफिंगचा थर), काळाकुट्ट, जागोजागी फुगून भेगा पडलेल्या. दुपारी अडीचला त्याच्यावर चप्पल घालूनसुद्धा उभं राहवत नव्हतं. खाली येऊन बघितलं तर शालवाल्या ताई पत्र्याच्या बाजूला आणि फाईलवाला पोरगा काळ्या डांबराच्या बाजूला. म्हणजे वय वगैरे काही नाही, कोणाच्या डोक्यावर काय आहे एवढाच प्रश्न होता.

टेम्परेचर गन काढली (कोविडवाली नाही, ती फक्त अंगाच्या तापापुरती असते, तिने स्लॅब मोजायला गेलात तर एरर दाखवते). संध्याकाळी साडेचारला डांबराच्या बाजूचं सीलिंग ४३ डिग्री, पत्र्याच्या बाजूचं ३४. हवा दोन्हीकडे २५ च्या आसपासच, एसीचा आकडाही तोच. इथेच सगळ्यांची चूक होते. आपण हवेचं तापमान मोजतो, पण अंगाला फक्त हवा लागत नाही, समोरची-वरची तापलेली वस्तूही लागते, तव्याजवळ उभं राहिल्यासारखी. डोक्यावर ४३ डिग्रीचा सिमेंटचा तवा टांगलाय आणि हवा २५ ची, तर माणसाला २५ वाटणारच नाही, तो १८ करणार. आणि १८ केलं तरी तवा काही निवत नाही, गारठतात त्या पत्र्याखालच्या ताई.

आणि साडेचार हा आकडा महत्त्वाचा, कारण स्लॅबवर ऊन पडतं दुपारी बारा-एकला पण पाच इंच काँक्रीट पार करून गरमी खाली उतरेपर्यंत तीन-चार तास जातात. म्हणून "तीननंतर थंड होत नाही". बाहेर ऊन कलायला लागतं तेव्हा आत खरी दुपार होते. सहाला लोक घरी गेले तरी तो स्लॅब रात्री नऊपर्यंत रिकाम्या हॉलमध्ये गरमी ओकत राहतो.

कागदावर हिशोब केला तो असा. सीलिंग आणि हवा यांच्यात १८ डिग्रीचा फरक, आणि वरून खाली येणाऱ्या गरमीला प्रत्येक डिग्रीमागे चौरस मीटरला साधारण ६ वॉट धरतात, म्हणजे शंभराच्या वर वॉट दर चौरस मीटरला. उघडी बाजू १६० चौरस मीटर. झाले १७ किलोवॉट, आणि एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट, तर पाच टन नुसता तेवढा स्लॅब खातोय. पत्र्याखालचा भाग तेवढाच मोठा पण तिथे त्याच्या निम्मं. शिवाय पश्चिमेला २० चौरस मीटर स्लायडिंगच्या खिडक्या, साधी काच, फिल्म कधीच उडालेली. चारच्या उन्हात त्यातून नऊ-साडेनऊ किलोवॉट आत, म्हणजे अजून पावणेतीन टन. आतून व्हर्टिकल ब्लाइंड होते, पण ब्लाइंड आतून लावला की ऊन आधी काचेतून आत येतं, ब्लाइंडवर पडतं, ब्लाइंड तापतो आणि ती गरमी खोलीतच राहते. डोळ्यांना बरं वाटतं, एसीला नाही.

म्हणजे दहापैकी जवळजवळ पाच एसी माणसांसाठी चालतच नव्हते, ते गच्ची आणि सूर्यासाठी चालत होते. आणि यांना अजून दोन लावायचे होते.

हे सांगितलं तर मॅनेजर साहेब म्हणाले पटतंय, पण गच्ची आमची नाही. आणि मालक म्हापशाचे, त्यांना फोन लावला तर त्यांचं म्हणणं सरळ होतं, "बिल तुम्ही भरता, गच्ची माझी, मी का खर्च करू?" यावर उत्तर नाही, भाड्याच्या प्रत्येक बिल्डिंगमध्ये हेच अडतं. भाडेकरू दुसऱ्याच्या गच्चीवर पैसे घालणार नाही आणि मालकाला बिल दिसतच नाही.

पण उघड्या बाजूलाही दोन ठिकाणी गळायला लागलं होतं, पावसाआधी ते काम त्यांना करायचंच होतं. तिथून बोलणं पुढे गेलं. स्लॅब दिवसा साठच्या वर तापतो, रात्री पंचविसाला येतो, रोज फुगतो रोज आकसतो, त्याच्यावरचं वॉटरप्रूफिंग त्याने फाटतं, म्हणून वरून इन्सुलेशन घातलं तर स्लॅब हलायचा थांबतो आणि वॉटरप्रूफिंग टिकतं. हे मालकांना लगेच कळलं, किलोवॉटचं एक अक्षर त्यांनी ऐकलं नव्हतं. ठरलं असं की वॉटरप्रूफिंग मालकाचं, इन्सुलेशन आणि वरचं फिनिशिंग ऑफिसचं, आणि भाडेकरार तीन वर्षं वाढवून.

काय घालायचं यावर बरंच डोकं चाललं. पांढरा रिफ्लेक्टिव्ह पेंट सगळ्यात स्वस्त, आणि कोरड्या गावात मी डोळे मिटून तोच सांगितला असता, पण आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, चवथीपर्यंत गच्ची हिरवी आणि दिवाळीपर्यंत काळी. दरवर्षी ऑक्टोबरात घासून धुतला तर चालतो, पण कोण धुणार? एक जण म्हणाला स्लॅबच्या खालून थर्माकोल लावू किंवा पफचा (फोमचा) स्प्रे मारू, एका रविवारी होईल. त्याला मी ठाम नाही म्हटलं. खालून मारलं की स्लॅब तसाच तापत आणि फाटत राहणार, गळती झाली तर कुठून गळतंय ते दिसणार नाही, आणि आगीचा विचार वेगळाच. वरून पत्रे वाढवणं हा पर्याय होता, पत्र्याची सावली काम करते हे तर तिथेच दिसत होतं, पण त्याची परवानगी आणि वादळी वारा ही दोन्ही दुखणी मालकांना नको होती.

शेवटी ५० मिलिमीटर एक्सपीएस बोर्ड, म्हणजे गरमी अडवणारा घट्ट फोमचा बोर्ड. जाडीबद्दल थोडं सांगतो कारण इथे लोक एकतर कंजूषी करतात नाहीतर उगाच वाढवतात. उघड्या स्लॅबचा यू म्हणजे गरमी आत येण्याचा दर तीनच्या थोडा वर. २५ मिमी घातलं की तो ०.८५ च्या आसपास, ५० ला ०.४८, ७५ ला ०.३४. म्हणजे पहिल्या इंचाने खरं काम होतं, पुढचे इंच थोडं थोडं देतात. ईसीबीसी २०१७ या मोठ्या व्यापारी इमारतींच्या ऊर्जा-बचत कोडात छपराला ०.३३ मागितलं होतं, त्यासाठी ८० मिमीच्या घरात जावं लागलं असतं, पण तो कोड १०० किलोवॉट आणि त्याच्या वरच्या लोडला होता, ही बिल्डिंग त्यात बसत नाही, आणि नव्या बिल्डिंगला ८० घाला म्हणणारा मी जुन्या दाराच्या उंबऱ्याची उंची बघून ५० वर थांबलो. गच्चीच्या दाराचा उंबरा चार इंचाचा होता, अजून उंची वाढली असती तर पहिल्या पावसात पाणी जिन्यात.

वजनही बघावं लागतं. बोर्ड फुलासारखा हलका, पण त्याच्यावर ४० मिमीचा सिमेंटचा थर म्हणजे चौरस मीटरला नव्वद किलो. स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवूनच पुढे गेलो.

काम असं झालं. जुनं डांबर खरवडलं, नवीन मेंब्रेन, पॅरापेटच्या (कठड्याच्या) कोपऱ्याला सिमेंटची गोलाई, मग दोन दिवस पाणी भरून ठेवलं. पाणी जायच्या एका स्पाउटजवळ खाली डाग आला, तो परत केला, परत पाणी. मग बोर्ड, त्याच्यावर जिओटेक्स्टाइलचं कापड, जाळी घालून सिमेंट, आणि वर पांढऱ्या फुटक्या टाइल्स, आपल्या जुन्या गच्च्यांवर असतात तशा. मध्ये एक गंमत झाली, सप्लायरने एक्सपीएस म्हणून थर्माकोल पाठवला. ओळखायला सोपं आहे, तुकडा मोडला की मणी मणी पडले तर थर्माकोल. एक्सपीएस मोडला तरी गुळगुळीत राहतो. मेंब्रेनच्या वर, पाण्यात बसणाऱ्या थरात थर्माकोल घातला तर तो हळूहळू पाणी पितो आणि ओलं इन्सुलेशन म्हणजे ओली गोधडी, वजन आहे पण ऊब नाही. अख्खा टेम्पो परत पाठवला, चार दिवस गेले, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात, आकाशात ढग यायला लागले तेव्हा शेवटची टाइल बसली.

खिडक्यांना बाहेरून अॅल्युमिनियमचे उभे लूव्हर, म्हणजे पट्ट्या. पश्चिमेला वरचं छज्जं फारसं पुरत नाही, चारनंतरचं ऊन आडवंच होत जातं. आधी पंधरा दिवस नर्सरीवाली हिरवी शेडनेट बांधून बघितली, फरक दिसला तेव्हाच पैसे घातले. अजून एक सांगतो, गोव्याचा अक्षांश साडेपंधरा, त्यामुळे मेच्या सुरुवातीला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि नंतर जूनमध्ये चक्क उत्तरेकडे सरकतो. भिंतींची चर्चा करण्यापेक्षा छप्पर पहिलं का, याचं उत्तर यातच आहे.

मेच्या शेवटच्या आठवड्यात परत गन घेऊन गेलो. नवीन बाजूचं सीलिंग २८. पत्र्याच्या बाजूचं ३४. आता फाईलने वारा घ्यायची पाळी अकाउंट्सची. ताईंनी स्वतःहून रिमोट ड्रॉवरमधून काढून टेबलावर ठेवला. मी खूश, फोटो काढले, दोन गिऱ्हाइकांना पाठवलेसुद्धा.

आणि जूनच्या वीस तारखेला परत फोन. "थंड आहे, पण चिकचिक होतंय. प्रिंटरमध्ये कागद अडकतोय. कपाटाच्या मागे बुरशी आलीय." मॅनेजरांचा आवाज असा की तुम्ही वर काहीतरी घातलंत आणि ओल आली. मलाही क्षणभर वाटलं मेंब्रेन गळलं.

गळलं नव्हतं. भिंतीवर एक साधा आर्द्रता दाखवणारा मीटर लावला, ७२ टक्के. गन मारत बसण्यापेक्षा हा दोनपाचशेचा मीटर मी पहिल्या दिवशी लावायला हवा होता, ती माझी चूक. झालं असं होतं की एसी दोन कामं करतो, हवा थंड करणं आणि हवेतलं पाणी काढणं. पाणी निघतं ते कॉम्प्रेसर चालू असताना, कॉइल थंड असेपर्यंत. आधी स्लॅबची गरमी एवढी होती की कॉम्प्रेसर बंदच होत नव्हता, त्यामुळे पाणी फुकटात निघत होतं. आता गरमी कमी झाली, वीस टनाचे फिक्स स्पीडचे एसी पाच मिनिटांत २४ गाठतात, कॉम्प्रेसर बंद, पंखा चालूच, आणि ओल्या कॉइलवरचं पाणी परत हॉलमध्ये. म्हणजे मी एक रोग बरा केला आणि त्याच्याखाली लपलेला दुसरा उघडा पडला.

पाणी येतंय कुठून ते शोधायला बादल्या लावल्या. खरंच, एसीच्या ड्रेन पाइपखाली बादल्या, आणि तासभर मोजलं. सगळ्या मिळून जेमतेम आठ लिटर. आता हिशोब बघा, टॉयलेटचे दोन एक्झॉस्ट फॅन मिळून तासाला सहाशे घनमीटर हवा बाहेर टाकतात, तेवढीच बाहेरची हवा फटींतून आत येते. जुलैची हवा २८ डिग्री आणि ९० टक्के धरली आणि आत २५ ला ५५ टक्के ठेवायचं म्हटलं तर त्या हवेबरोबर तासाला सात लिटरच्या वर जास्तीचं पाणी आत येतं, ३८ माणसांच्या श्वासाचं-घामाचं वेगळं. ते सगळं काढायला दहा लिटर निघायला हवे होते, निघत होते आठ.

पहिला विचार एक्झॉस्ट बंद करायचा. पण एवढ्या माणसांना तेवढी ताजी हवा लागतेच, ती तोडली तर लोक दुपारी झोपायला लागतील. खरी गोम वेगळी होती. ते फॅन रात्रीही चालू. संध्याकाळी सातला एसी बंद करून शटर ओढलं की सकाळी नऊपर्यंत चौदा तास हे फॅन बाहेरची ओली हवा हॉलमधून ओढत बसायचे, रविवारी तर अख्खा दिवस. कागद, पार्टिशनची प्लाय, खुर्च्यांचं कापड रात्रभर पाणी पिऊन सकाळी एसीसमोर ओकणार. दोनशे रुपयांचं टायमर कोणी लावलं नव्हतं.

टायमर लावला. काचेच्या दाराला क्लोजर बसवला, ते दार आधी खडा लावून उघडं ठेवायचे चहावाल्यासाठी. दहापैकी चार एसी एमसीबी पाडूनच बंद केले, म्हणजे उरलेले सहा सलग चालतील आणि पाणी काढतील. हे लोकांच्या गळी उतरवणं सगळ्यात अवघड, चिकचिक होतेय म्हणून एसी कमी करा म्हटल्यावर माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. आणि पंखे. एसी आले तेव्हा सीलिंग फॅन काढून विकले होते, स्लॅबला हूक मात्र तसेच होते. दहा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे लावले, एकेक तीस वॉटच्या आसपास, म्हणजे दहाही मिळून एका दोन टनी एसीच्या सहाव्या हिश्शाएवढे. अंगावर वारा असला की २६ सुद्धा २४ सारखं लागतं. २०२० पासून नवीन एसी २४ वर सुरू होतात तो नियम ठीकच आहे, पण डोक्यावरचा तवा आणि हवेतलं पाणी हटल्याशिवाय २६ कोणी ठेवणार नाही.

आठवड्याभरात मीटर साठाच्या खाली आला, कागद अडकायचा थांबला.

पुढच्या एप्रिलला आधीच्या एप्रिलशी ताडून बघितलं, एसीच्या सबमीटरवर ३,१०० युनिटच्या जागी १,९०० च्या आसपास. यातलं स्लॅबचं किती, पंख्यांचं किती, रिमोट २६ वर राहिला त्याचं किती हे मी वेगळं काढून देऊ शकत नाही आणि जो देतो त्याच्यापासून सावध राहा. बिल मात्र तेवढ्या प्रमाणात उतरलं नाही, कारण फिक्स चार्ज मंजूर लोडवर लागतो, वापरावर नाही. लोड कमी करायचा अर्ज त्यानंतर केला. वर्षापूर्वी मला बोलावलं होतं तो लोड वाढवायला.

गावाकडचे लोक म्हणतात जुनी नळ्यांची, चिऱ्यांची घरं बघा, एसी लागतच नव्हता. खरं आहे, पण ती घरं वाऱ्यासाठी उघडी होती, नळ्यांमधून गरम हवा निघून जायची. तेच घर बंद करून एसी लावला तर प्रत्येक नळ्याच्या फटीतून ओली हवा आत. उघडं घर आणि बंद खोका यांची गणितं वेगळी, एकाची युक्ती दुसऱ्याला लावली की पैसे जातात.

एक गोष्ट राहिलीय. चवथीला ऑफिस पाच दिवस बंद होतं, उघडलं तेव्हा मीटर ८१ आणि चामड्याच्या बॅगेवर पांढरी बुरशी. आता लांब सुट्टीत शिपाई एक दिवसाआड येऊन दोन एसी दोन-दोन तास चालवतो. पत्र्याच्या बाजूचं सीलिंग अजून ३४ च आहे, मालकांना पत्र्यावर पांढरा रंग मारायला सांगितलंय, ते म्हणतात दिवाळीनंतर बघू. तोपर्यंत ताईंनी त्यांचं टेबल हलवून पश्चिमेला नेलंय.